फाटकापर्यंत आलेले बाबा

रविवारी सकाळी शेंगांचा डबा उचलल्याबरोबर जमनाबाईंना कळलं, की कुणीतरी त्यात हात घातलाय. अकरा वर्षं त्या या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करत होत्या. कुठल्या डब्यात किती काय आहे ते त्यांच्या हातांनाच ठाऊक असायचं, झाकण काढून बघायची वेळ येत नसे. आणि डबा हलका झाला होता, ओंजळभरानं.

त्यांनी कुणाला विचारलं नाही. चौसष्ट मुली, सगळ्या वाढत्या वयाच्या. एखादीनं चार शेंगा नेल्या तर कुठं आभाळ कोसळतं, असं म्हणून त्यांनी डबा परत फळीवर ठेवला आणि पिठाला पाणी लावलं.

वसतिगृह शहाद्याच्या बाहेर होतं, केळीच्या बागांना लागून. निम्म्या मुली आसपासच्या सपाटीवरच्या गावांतल्या, निम्म्या धडगावकडच्या डोंगरातल्या पाड्यांवरच्या. सपाटीच्या मुली आपसात अहिराणी बोलत, डोंगरातल्या पावरी, आणि वर्गात सगळ्या जणी पुस्तकातलं मराठी. जमनाबाईंच्या स्वयंपाकघरात मात्र तिन्ही भाषा एका पातेल्यात पडायच्या. जमनाबाई मूळच्या कळसाडीच्या. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, एकुलता मुलगा हेमकांत वापीला कारखान्यात. वसतिगृहातच मागच्या खोलीत त्या राहायच्या. मुली त्यांना मावशी म्हणत.

रविवारी मात्र मावशींना कमी भाकरी थापाव्या लागत. रविवार हा भेटीचा वार. दहा वाजले, की फाटकावर छगन रखवालदार खुर्ची टाकून बसायचा. कुणाचे आईबाप आले की वहीत नाव लिहायचा आणि आवारभर ऐकू जाईल असा आवाज द्यायचा, "दामिनी नवनीत पाटील, भेट आली." मग ती मुलगी चपला न घालताच पळत सुटायची. लिंबाच्या झाडांखाली सतरंज्या पसरल्या जायच्या, डबे उघडायचे. कुणाच्या डब्यात वांग्याचं भरीत, कुणाच्या वाफवलेले डाळीचे फुणके, कुणी नुसतीच घरची केळी आणलेली. तीन वाजेपर्यंत ते चालायचं.

आणि ज्यांचं नाव छगन घेत नसे, त्या मुली कुठं असायच्या? हे जमनाबाईंनी अकरा वर्षांत कधी नीट पाहिलं नव्हतं. रविवारी त्यांचंही आपलं एक काम असे. दुपारी त्या मोबाईल घेऊन मागच्या ओट्यावर जायच्या, फोन कानाला लावायच्या आणि जरा मोठ्यानं बोलायच्या, "हां हेमकांत, बोल भाऊ. जेवना का?" पलीकडं कुणी नसायचं. हेमकांतचा खरा फोन गणपतीत आला होता, तोही दोन मिनिटं. पण छगन विचारायचा, अधीक्षिका बाई विचारायच्या, मुली विचारायच्या. एकुलता एक मुलगा आईला फोन करत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून त्या दर रविवारी बंद फोनवर बोलत आणि सोमवारी सगळ्यांना सांगत, "हेमकांतना फोन उना व्हता. मजामां शे."

शेंगा कुणी नेल्या ते त्याच रविवारी दुपारी कळलं. सातवीतली काजल पावरा मुलींच्या घोळक्यात उभी राहून प्रत्येकीच्या तळहातावर दोन-दोन शेंगा ठेवत होती.

"बाबा आले होते," ती सांगत होती. "फाटकापर्यंतच आले. जीपवाला थांबायला तयार नव्हता ना, म्हणून लगेच गेले. पहाटे तीनला निघाले होते घरून. आधी डोंगर उतरायचा, मग नदी, मग जीप."

काजल जुलैत आली होती. बारा वर्षांची, काटकुळी, भलती बोलकी. तिचे आईबाप कामासाठी सौराष्ट्रात गेलेले, दिवाळीनंतरही कापूस वेचायला तिकडंच राहणार होते. हे अर्जावर लिहिलेलं होतं, पण अर्ज मुली थोड्याच वाचतात. त्या शेंगा एका बाजूनं काळ्या पडल्या होत्या. आदल्या दिवशी भाजताना जमनाबाईंचं लक्ष उडालं होतं, त्यांच्याच कढईतल्या त्या शेंगा. त्यांनी ओळखल्या. काजलनंही त्यांच्याकडं बघितलं आणि पुढं होऊन त्यांच्याही हातावर दोन शेंगा ठेवल्या.

"मावशी, तुम्ही पण घ्या. बाबांनी आणल्यात."

जमनाबाईंनी शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि म्हणाल्या, "गोड शेतस."

त्या दिवसापासून त्यांनी एक सुरू केलं. शनिवारी संध्याकाळी गूळ-शेंगदाण्याचे सहा-सात लाडू वळायचे, कागदात बांधायचे आणि स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत ठेवून द्यायचे. बोलायचं काही नाही. रविवारी दुपारपर्यंत पुडी नाहीशी व्हायची आणि काजलचे बाबा फाटकापर्यंत येऊन जायचे. जमनाबाईंना वाटायचं, पोरीची झाकली मूठ राहते, आपल्या हातून एक चांगलं काम होतं.

नोव्हेंबरात वसतिगृहात चेतनाताई आल्या. नंदुरबारच्या, पंचविशीतल्या, समुपदेशनाचं शिकून आलेल्या. आल्या आल्या त्यांनी जेवणाच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता लावला. त्यावर पाच चेहरे काढलेले होते: हसरा, शांत, चिडलेला, घाबरलेला, उदास. प्रत्येक मुलीला नाव लिहिलेला एक कपड्यांचा चिमटा. सकाळी नाश्त्याला येताना आपला चिमटा आपल्या मनासारख्या चेहऱ्याखाली लावायचा. कुणी का म्हणून विचारणार नाही, सांगावंसं वाटलं तर ताई आहेत.

"मावशी, हा तुमचा," चेतनाताईंनी त्यांनाही चिमटा दिला.

"माले कसाले ताई? मी का पोर शे?"

"मन तर आहे ना तुम्हालाही?"

जमनाबाईंनी हसून चिमटा हसऱ्या चेहऱ्याखाली लावला. पुढं रोज तो तिथंच राहिला. त्याच्या शेजारी आणखी एक चिमटा रोज असायचा, काजलचा. चेतनाताई एकदा कौतुकानं म्हणाल्याही, "ही मुलगी बघा मावशी, किती आनंदी आहे. एवढ्या लांबून आलीय, पण रमली." जमनाबाई काकडी चिरत होत्या, चिरतच राहिल्या.

डिसेंबरात सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा भरली आणि त्या रविवारी फाटकावर गर्दी उसळली. दामिनीची आई फुलवंताबाई आणि मामा जत्रेतून येताना मोठी पिशवी भरून खाऊ घेऊन आले. दामिनी आठवीत होती. तापीकाठच्या गावातली, घरी केळीची शेती. हुशार, नीटनेटकी, बोलण्यात जरा तिखट. आई दर रविवारी यायची, वडील कधीच येत नसत.

जेवणानंतर दामिनी हात धुवायला मागच्या नळावर गेली. तिथून तिला खिडकी दिसली, आणि खिडकीतून पुडी काढणारा काजलचा हात.

तीन वाजता भेटीची माणसं गेली, मुली ओट्यावर जमल्या, आणि काजलनं पुडी सोडली. "बाबा आले होते. आज तर चालतच—"

"कुणाचे बाबा?" दामिनी म्हणाली. "हे मावशीचे लाडू आहेत. खिडकीतून घेताना मी बघितलं तुला. तुझे बाबा एकदाही आलेले नाहीत. छगनकाकांच्या वहीत नाव दाखव ना त्यांचं."

एकीनं हातातला लाडू परत कागदावर ठेवला. काजलनं सगळ्यांकडं पाहिलं आणि ती हसली. "गंमत केली," ती म्हणाली. "तुम्हाला खरं वाटलं? किती वेड्या आहात." आणि पुडी तशीच ठेवून ती निघून गेली.

दारात उभ्या राहून जमनाबाईंनी हे सगळं ऐकलं. पुढं व्हावं, दामिनीला दोन शब्द सुनवावेत असं त्यांना वाटलं. पण सांगणार काय होत्या? दामिनीनं खोटं काहीच सांगितलं नव्हतं.

सोमवारी काजलचा चिमटा हसऱ्या चेहऱ्याखालीच होता. मंगळवारीही. पण ताटातली भाकरी जशीच्या तशी परत यायची. मुलींनी तिला चिडवलं नाही, फक्त ती आली की बोलणं थांबायचं. बुधवारी दुपारच्या सुट्टीत शाळेतून सगळ्या मुली जेवायला आल्या आणि काजलचं ताट रिकामंच राहिलं.

अधीक्षिका बाईंनी छगनला बागेकडं पिटाळलं, शाळेत फोन लावला. चेतनाताई सगळ्या खोल्या बघून आल्या. जमनाबाईंनी हात पुसले, भाकरी-चटणी पदरात बांधली आणि म्हणाल्या, "ताई, गाडी काढा. माले माहीत शे ती कोठे व्हई."

"कुठं?"

"एसटी स्टँडवर. धडगावनी गाडी जठून सुटस, तठे."

स्कुटीवर मागं बसून जाण्याची जमनाबाईंची ही पहिलीच वेळ. रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर रांगेनं चालले होते, चेतनाताई एकेकाला मागं टाकत होत्या आणि जमनाबाई दोन्ही हातांनी त्यांची ओढणी धरून बसल्या होत्या. शहाद्याच्या स्टँडवर नेहमीसारखी झुंबड. पण धडगावची गाडी लागते त्या बाजूच्या शेवटच्या बाकावर गणवेशातली काजल दिसली आणि दोघींचा जीव भांड्यात पडला. दप्तर मांडीवर घेऊन ती बसली होती.

"तुम्ही जा मावशी," चेतनाताई हळूच म्हणाल्या. "मी इथं थांबते. ऑफिसात फोन करून सांगते."

जमनाबाई जाऊन शेजारी बसल्या. काजलनं मान वळवली नाही.

"दोन गाड्या गेल्या धडगावच्या," ती म्हणाली. "बसले नाही."

"काबरं?"

"घरी कोण आहे? दाराला काट्यांचं झाप लावलंय. आजीला काकानं नेलंय. गेले असते तर परत यावं लागलं असतं."

समोरून एक गाडी धूळ उडवत वळली. जमनाबाईंनी पदरात बांधलेली भाकरी आणि चटणी काढून बाकावर ठेवली. काजलनं भाकरीकडं पाहिलं, हात लावला नाही.

"मावशी, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं ना? शेंगांपासून?"

"हां. माहीत व्हतं."

"मग रागावला का नाहीत?"

"माले वाटनं, तुले बरं वाटस तर वाटू दे."

काजल एकेक शब्द शोधत बोलू लागली. "शेंगा मी एकदाच घेतल्या होत्या. एकदाच बोलायचं ठरवलं होतं. सगळ्यांचे येतात, माझे पण एकदा आले, एवढंच. मग तुम्ही लाडू ठेवायला लागलात. दर रविवारी. मला वाटलं, आता बंद कसं करायचं? लाडू तर आहेत. मग बाबांना पण आणावंच लागायचं. मला ते लाडू नको होते, मावशी. म्हणजे हवे होते. पण…"

जमनाबाईंना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. आपण पोरीची अब्रू झाकतोय असं समजून त्या लाडू वळत होत्या, आणि तीच पुडी पोरीच्या गळ्यात ओझं होऊन लटकली होती. एकदाही त्यांनी तिला जवळ घेऊन विचारलं नव्हतं, की पोरी, घरची आठवण येते का.

"चूक मन्ही शे," त्या म्हणाल्या. "माले तुले इचाराले पाहिजे व्हतं. मी इचारं नही. काबरं ते सांगू? मी बी तुन्हासारखीच शे."

आणि बाकावर बसल्या बसल्या, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी ते कुणाला तरी सांगितलं. हेमकांतचा फोन येत नाही. गणपतीपासून आलेला नाही. रविवारी ओट्यावर जे बोलणं चालतं ते बंद फोनवर.

काजल आता पूर्ण वळून त्यांच्याकडं बघत होती. "बंद फोनवर? पण तुम्ही तर त्यांना विचारता, जेवलास का, अंगावर पांघरूण घे…"

"हां."

"एकदा तर तुम्ही रागावला होता त्यांना. गाडी हळू चालव म्हणून."

"हां, रागावनू व्हतू."

काजलच्या तोंडावर आधी हसू आलं. तिनं ते दाबायचा प्रयत्न केला, मग दोघीही हसू लागल्या, बाजूचा म्हातारा वळून बघेपर्यंत. आणि हसता हसताच काजल रडायला लागली. जुलैपासूनचं सगळं रडणं त्यात होतं. जमनाबाईंनी तिला कुशीत घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. गप्प बस म्हणाल्या नाहीत. तिसरी धडगावची गाडी भरली आणि निघून गेली. त्यानंतर काजलनं डोळे पुसले आणि भाकरी खाल्ली, सगळी.

वसतिगृहावर अधीक्षिका बाई वाट बघत होत्या. त्या वाईट नव्हत्या, पण चौसष्ट मुलींची जोखीम त्यांच्या डोक्यावर होती आणि त्या घाबरल्या होत्या. न सांगता बाहेर गेलेल्या मुलीचं नाव कमी करायचं असा नियम होता. चेतनाताई आत जाऊन बराच वेळ बोलत होत्या. शेवटी जमनाबाई दारात उभ्या राहिल्या. ऑफिसच्या आत पाऊल टाकायची त्यांना सवय नव्हती.

"बाई, त्या पोरले घर धाडशात तर तठे कोणी नही. आन लाडू मी ठेवत व्हतू. लिखनं व्हई तर मन्हं नाव लिखा."

अधीक्षिका बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बसा, मावशी," त्या म्हणाल्या. त्या ऑफिसात जमनाबाईंना कुणी बसा म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मग बाईंनी सगळं नीट विचारून घेतलं, आणि काजलचं नाव राहिलं.

शुक्रवारी चेतनाताईंनी सगळ्या मुलींना जेवणाच्या खोलीत गोल बसवलं. काजलला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की तुला एक शब्दही बोलायची गरज नाही. त्यांनी बुधवारचा विषयच काढला नाही. एवढंच विचारलं, "रविवार तुम्हाला कसा जातो?"

सगळ्यांत आधी स्वयंपाकघराच्या दारातून जमनाबाई उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी हसऱ्या चेहऱ्याखालचा आपला चिमटा काढून उदास चेहऱ्याखाली लावला.

"मन्हा रविवार आसा जास," त्या म्हणाल्या, आणि हेमकांतचं सगळं सांगितलं. चौसष्ट मुलींसमोर सांगताना त्यांना कानकोंडं झालं, पण बाकावर एकदा सांगून झालं होतं, म्हणून जमलं.

मग एकेक मुलगी बोलू लागली. रुचिका नावाची पाचवीतली चिमुरडी म्हणाली, की रविवारी तिचं पोट दुखत नसतं, ती उगाच झोपून राहते. दहावीतली एक म्हणाली, की छगनकाका नावं घ्यायला लागले की ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडते, म्हणजे ऐकू येत नाही. एकीची आई येते, पण येताना बाप पिऊन सोबत येतो, म्हणून भेट आली की तिला धडकीच भरते. ज्यांच्याकडं कुणी येत नाही अशा सव्वीस मुली निघाल्या. प्रत्येकीला वाटत होतं, आपण एकटीच.

दामिनी सगळ्यात शेवटी बोलली. ती खाली बघत होती आणि बोटानं फरशीवर रेघा ओढत होती.

"मी आईला सांगायचे, की काजलचे बाबा डोंगर उतरून, नदी ओलांडून येतात आणि मन्हा बाप वीस किलोमीटरवरून येत नाही. मी पप्पांशी फोनवर भांडले त्यावरून. महिनाभर बोलले नाही त्यांच्याशी. मग त्या दिवशी मला दिसलं, की ते सगळं खोटंच होतं. मला काजलच्या बाबांचा राग यायचा."

"ते तर आलेच नव्हते," काजल म्हणाली. तिचा तो पहिलाच शब्द.

"म्हणून तर जास्त राग आला."

कुणीतरी फिसकन हसलं, मग बऱ्याच जणी हसल्या. दामिनीला हसू आलं नाही. "सगळ्यांसमोर बोलायला नको होतं मी," ती म्हणाली. काजलनं मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कुणाला कळलं नाही.

चेतनाताईंनी सुचवलं, की सगळ्यांचा खाऊ एकत्र करून वाटायचा. मुलींनी ते साफ नाकारलं. महिनाभरानं आलेली आईची भाकरी वाटून का खायची, असं एकीनं विचारलं आणि ते बरोबरच होतं. खूप वादावादी होऊन दोन गोष्टी ठरल्या. छगनकाकांनी फाटकावरून आवाज द्यायचा नाही, जिची भेट आली तिला जाऊन सांगायचं. आणि बारापर्यंत ज्याची त्याची भेट, मग पाहुण्यांसकट सगळ्यांनी जेवणाच्या खोलीत एका पंगतीत बसायचं, मावशी रश्शातले डुबुकवडे करतील. हे त्यांना न विचारताच ठरलं होतं.

पहिल्या रविवारी ती पंगत अवघडूनच बसली. फुलवंताबाई आपला डबा मांडीजवळ ओढून, जराशा बाजूला सरकून बसल्या. दामिनीनं काजलला हाक मारली, पण काजल आली नाही. ती जमनाबाईंसोबत वाढायला उभी राहिली. रस्सा वाढत ती फुलवंताबाईंपुढं आली, तेव्हा त्यांनी विचारलं, "तू दामिनीनी मैत्रीण का?"

"नाही," काजल म्हणाली. "आमचं भांडण झालंय."

फुलवंताबाई गोंधळल्या. मग त्यांनी पोरीच्या कोपराकडं, हाडं मोजता येतील अशा मनगटाकडं पाहिलं. "भांडाले बी ताकद लागस," त्या म्हणाल्या आणि डब्यातला एक फुणका तिच्या हातावर ठेवला. काजलनं तो तिथंच उभ्या उभ्या खाल्ला. त्यापुढच्या रविवारी ती त्यांच्या शेजारी बसली.

जानेवारीत एकदा दामिनीचे वडील आले. नवनीतभाऊ, मोटारसायकलीवर मागं केळीचा घड बांधून. ते मुलीपुढं बसले. दोघं बापलेक सतरंजीकडं बघत होती. शेवटी काजलनंच त्यांना विचारायला सुरुवात केली, केळीला पाणी कितव्या दिवशी देता, घड किती किलोचा, एवढे दिवस का आला नाहीत. शेवटच्या प्रश्नाला नवनीतभाऊंनी मान खाली घातली आणि म्हणाले, की शाळेत यायला त्यांना लाज वाटते, चौथीतच शाळा सोडली म्हणून. दामिनीला हे माहीत नव्हतं. ती सरकून त्यांच्या जवळ बसली.

चेतनाताईंनी खटपट करून सौराष्ट्रातल्या मुकादमाचा नंबर मिळवला. दर पंधरा दिवसांनी काजलचं बाबांशी बोलणं होऊ लागलं, पाच-सात मिनिटं, पावरीत, भराभर. ते झाल्यावर मुली विचारायच्या, काय म्हणाले? "होळीला येतो म्हणाले," काजल सांगायची. "येतील का ते बघू." तिचा चिमटा आता कधी शांत चेहऱ्याखाली असायचा, कधी उदास, आणि एकदा सबंध आठवडा चिडलेल्याखाली होता. त्याचं कारण तिनं कुणालाच सांगितलं नाही.

जमनाबाईंनीही एका रविवारी स्वतःच हेमकांतला फोन लावला. त्यानं उचलला. कामावर होता, मागं यंत्राचा आवाज येत होता. सोमवारी भाकरी थापता थापता त्या काजलला म्हणाल्या, "हेमकांतसंगे बोलनू. दोन मिनिटं बोलना."

"खरंच?"

"खरंच. फोन मीच लायेल व्हता."

काजलनं काटवटीत पीठ ओतलं. "पुढच्या रविवारी मी लावून देईन," ती म्हणाली. "मी बोलू का त्यांच्याशी थोडं?"

फेब्रुवारीतल्या एका सकाळी जमनाबाई चुलीपाशी असताना न्हाणीघराकडून आरडाओरडा ऐकू आला. बादलीवरून जुंपली होती. दामिनी म्हणत होती, नंबर माझा होता, काजल म्हणत होती, बादलीवर काय तुझं नाव आहे का. काजल अर्धं भांडण अहिराणीत करत होती, अर्धं पावरीत, आणि दामिनी पावरीतले चार शब्द उलटे तिलाच ऐकवत होती. चेतनाताई घाईघाईनं स्वयंपाकघरात आल्या. "मावशी, मी जाऊ का सोडवायला?"

जमनाबाईंनी कान देऊन ऐकलं. मग तव्यावरची भाकरी उलटली.

"ऱ्हाऊ द्या ताई," त्या म्हणाल्या. "नाश्ताले दोन्ही संगेच येतीन."